जपानी तलवार घ्यावी की नुसती त्सुबा (मुठीपुढची चकती)? जाणकारांनी सांगावं

निशिकासाईकर:
नमस्कार मंडळी. तोक्योत तीन वर्षं झाली, अजून दोनेक वर्षं आहे, मग पुण्याला परत. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या सहकाऱ्याने आजोबांची वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, दाखवली. म्यानातून काढण्याआधी तिच्यापुढे वाकला, आमच्याकडे दसऱ्याला वाकतात अगदी तसा. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. बजेट दीड लाख येन. जुन्या बाजारात एक वाकिझाशी पाहून ठेवलीय, मुठीच्या आतल्या भागावर 'कोतेत्सु' कोरलंय. कागद नाही, पण विकणारा म्हणतो घरातलीच आहे. घेऊ का?

खवट_आजोबा:
दीड लाखात कोतेत्सु? माझ्यासाठी पण दोन बांधून ठेव.

गंजप्रेमी:
आजोबा, पोराला घाबरवू नका. पण घेऊ नकोस रे.

कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा (म्हणजे आजच्या तोक्योचा) लोहार, आधी चिलखतं घडवायचा. त्याच्या नावाची जेवढी पाती आज फिरतात तेवढी त्याने दहा जन्म घेऊनही घडवली नसती. खोट्या सहीला 'गिमेई' म्हणतात. गिमेई असली म्हणजे पातं टाकाऊच असं नाही, फक्त सहीचे पैसे मोजायचे नाहीत.

त्याहून मोठी गोची कागदाची. 'कागद नाही' म्हणजे नेमका कुठला, हे आधी विचार. तोरोकुशो म्हणजे नोंदणीपत्र. ते नसेल तर जपानात ते पातं जवळ बाळगणंच बेकायदा, तिथून सरळ निघून ये. असेल तर खरेदीनंतर २० दिवसांत पत्रावर ज्या प्रांताचं नाव आहे तिथल्या शिक्षण मंडळाला कळवायचं. (हो, शिक्षण मंडळच. तलवार तिकडे सांस्कृतिक ठेव्यात मोडते.) पण त्या पत्रावर लांबी, सही असलीच माहिती असते, सही खरी असल्याची हमी नसते. ती हवी तर निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाईचा परीक्षणाचा कागद बघायचा. जपानी तलवारींचं जतन करणारी ही संस्था १९४८ची. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या पायऱ्या. कुणी १९८२च्या आधीचा जुना कागद पुढे केला तर त्यावर विसंबू नकोस, त्यात घोळ फार.

माझं ऐकशील तर पहिली खरेदी लोखंडी त्सुबा. दीड लाखात पातं मिळेलही, पण बहुतेक दमलेलं, म्हणजे घासून घासून झिजलेलं, आणि त्याला नीट पॉलिश करायचं म्हटलं तर खर्च पात्याच्या किमतीपुढे जाईल. त्सुबा म्हणजे आपली परज, फक्त सुटी निघणारी. तिला नोंदणी लागत नाही. तलवार पुण्याला न्यायची तर तिकडून निर्यातीचा दाखला, इकडे शस्त्र कायद्याचा परवाना, आणि वर कस्टमवाल्यांची समजूत. त्सुबा हातरुमालात मावते.

बघताना मधल्या त्रिकोणी भोकापासून सुरुवात कर. पातं त्यातून जातं. कडेला तांब्याचे छोटे तुकडे ठोकलेले दिसले किंवा कडा दाबून बसवलेल्या दिसल्या तर ती बहुधा खरोखर तलवारीवर बसलेली. शेजारचं अर्धचंद्रासारखं भोक कोझुका या छोट्या सुरीसाठी, तीन पाकळ्यांचं कोगाई या केस नीट करायच्या काडीसाठी. मग नक्षीच्या आतल्या भिंती भिंगातून बघ. तिथे साच्याची बारीक शीर दिसली तर ओतीव नक्कल आहे, खाली ठेव. घडवलेल्या लोखंडाला आतून कानशीची खूण असते आणि रंग काळपट-जांभळा, नुसता काळा नाही.

दसरा_स्पेशल:
आमच्याकडे पणजोबांची तलवार दरवर्षी चिंच आणि राख लावून घासतो, लखलखते. गंजलेली त्सुबा स्वस्तात मिळत असेल तर घ्या आणि घासा की!

गंजप्रेमी:
अहो नका हो!! त्सुबावरचा तो काळा थर मुद्दाम आणलेला असतो, पिढ्यान्पिढ्या हाताने चोळून जपलेला. चिंच लावली की गेला, आणि किंमतही त्याच्याबरोबर. लाल गंज असेल तर हाडाच्या किंवा शिंगाच्या तुकड्याने हळूहळू काढायचा, मग रोज सुती कापड, बस. शाकुदो तर मुळीच घासू नये, ते तांब्यात थोडं सोनं मिसळून केलेलं असतं आणि त्याचा निळसर काळा रंग वरवरचाच असतो. पात्याचंही तेच. मुठीत लपणाऱ्या नाकागोवरचा गंज बघून जाणकार वय सांगतात. तो साफ केलेला दिसला की मी पुढचं बघतही नाही.

मांडवीकाठ:
नानबान त्सुबा म्हणतात त्या आमच्या गोव्याशी संबंधित का?

गंजप्रेमी:
नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी, म्हणजे त्यांच्या लेखी पोर्तुगीज. ते १५४३ला तानेगाशिमाला लागले, झेवियर १५४९ला गोव्याहूनच तिकडे निघाला. पण त्या त्सुबांवरची वेलबुट्टी चिनी वळणाची जास्त. गोव्यात घडल्या असं कुणी सांगून विकत असेल तर हसून सोडून द्या.

निशिकासाईकर:
सगळ्यांचे आभार. विकणाऱ्याला तोरोकुशो विचारला तर त्याने विषयच बदलला. शनिवारी र्‍योगोकुच्या तलवार संग्रहालयात जाऊन आलो. पाती बघायला गुडघे वाकवून, मान तिरकी करून दिव्याचा उजेड धारेवर पकडावा लागतो, मग हामोनचं, म्हणजे धारेलगतच्या पांढुरक्या नक्षीचं, धुकं दिसतं. पहारेकरी हसत होता. येताना एका दुकानातून लोखंडी त्सुबा घेतली, नक्षी बगळ्याची, तांब्याचे दोन तुकडे आहेत. एक भोक मात्र कसल्यातरी राखाडी धातूने बुजवलंय. फसलो का?

गंजप्रेमी:
नाही. कोझुका किंवा कोगाई नको असली की ते भोक बुजवायचे. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाक, दिवसाच्या उजेडात.

खवट_आजोबा:
आणि बगळा आहे की करकोचा, तेही बघ.