हरवलेली वस्तू आणि पोलीस स्थानक : गोव्यातील अनुभव लिहा

गेल्या वर्षी कदंब या गोव्याच्या सरकारी बससेवेच्या फोंडा–पणजी बसमध्ये आसनाखाली मला एक कापडी बटवा सापडला. त्यात सोन्याच्या दोन बांगड्या आणि थोडी रोकड होती. तो पोलीस स्थानकात नेऊन दिला, तेव्हा हवालदाराने माझ्यादेखत सर्व मोजून यादी लिहिली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि मला पोच दिली. बेवारस मालमत्ता ताब्यात घेऊन तिची यादी दंडाधिकाऱ्यांना देणे हे १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसांचे कर्तव्य असून, कलम २६ नुसार हक्क सांगण्यासाठी ६ महिन्यांच्या मुदतीचा जाहीरनामा निघू शकतो, हेही त्यांनीच समजावून सांगितले. चौथ्या दिवशी बांदोड्याच्या एक आजी आल्या. हवालदाराने बटवा बाहेर काढला नाही. आधी त्याचा रंग, बांगड्यांवरची नक्षी आणि नोटा किती हे त्यांच्याकडून विचारून घेतले. ही दक्षता मला फार मोलाची वाटते, कारण वस्तू आधी दाखवली की खरा मालक आणि तोतया ओळखायला काही साधनच उरत नाही. आपले अनुभवही सविस्तर लिहावेत, ही विनंती.

म्हापसा
बोडगेश्वराच्या जत्रेत माझा मोबाईल हरवला. पोलीस स्थानकात तक्रार नोंदवून तिची प्रत घेतली, त्याच क्रमांकाचे नवे सिम काढले आणि ‘संचार साथी’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून फोन बंद करवला. फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, खोक्यावर होता, म्हणून हे जमले. खोके आणि बिल कृपया टाकून देऊ नका. पाच महिन्यांनी कुणीतरी त्यात दुसरे सिम घातले, तेव्हा पोलिसांना माग लागला आणि फोन परत मिळाला.

मडगाव
पाकीट परत आले, परवान्यावरच्या पत्त्यामुळे. पैसे नव्हते, पण कागदपत्रे वाचली यातच मी समाधानी आहे.

पेडणे
चोरून नेऊन किनाऱ्याजवळ टाकून दिलेली माझी स्कूटर सापडल्याचा फोन आला, तेव्हा ती आठवड्याभरात घरी येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात एका पोलीस स्थानकाच्या आवारात तिने दोन पावसाळे उघड्यावर काढले. ताबा मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज आपणच करायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. जप्त वाहने पोलीस स्थानकात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून आणि बंधपत्र (लेखी हमी) घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितले आहे. वकिलांनी त्याच निकालाच्या आधारे अर्ज केला आणि स्कूटर मिळाली. मात्र तोवर पत्रा गंजून गेला होता आणि इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करावे लागले.