टॉनिकच्या बाटलीवरचं 'संशोधनाने सिद्ध' किती खरं मानायचं?

धुऱ्यावरचा: सोयाबीनच्या टॉनिकच्या पत्रकांवर 'प्रकाशित संशोधनाने सिद्ध, ११ टक्के वाढ' असं काहीबाही छापून असते. पेपर हाती लागला तर त्यात नेमकं काय पाहायचं? का छापलं म्हणजे ब्रह्मवाक्य, बाप्पा?

सी_डी_पाच_टक्के: टक्का नंतर पाहा भाऊ. आधी तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'सी.डी. ५ टक्के' असते, ते शोधा. सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स: टॉनिकचा काही असर नसला तरी फरक याच्यावर जायची शक्यता ५ टक्केच. समजा कंट्रोल, म्हणजे बिनाटॉनिकचा प्लॉट, हेक्टरी १८ क्विंटल, टॉनिक २० अन् सी.डी. २.४. फरक २ चा, म्हणजे सी.डी.च्या आतच. वाढ टॉनिकची की जमिनीची, हे त्या प्रयोगातून कळतच नाही. पत्रकावर मात्र ११ टक्के ठळक!

मग प्लॉट केवढा ते पाहा. १० चौरस मीटरचं वजन हेक्टरवर न्यायला हजारानं गुणतात. काटा १०० ग्रॅमनं चुकला की हेक्टरी १ क्विंटल 'उत्पादन' कागदावरच पिकते. ओलाव्याचंही तसंच: १४ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन १० टक्क्यांवर आणलं की साडेपंचाण्णवच उरते.

पराटीवाला: अन् कंट्रोल होता कुठं? वर बरड, खाली काळी. टॉनिक खालच्या अंगाला मारलं तर जिंकणारच नं. म्हणून उताराला आडवे ब्लॉक पाडतात अन् दर ब्लॉकात चिठ्ठ्या टाकून प्लॉट ठरवतात. धुऱ्याकडचे तास, म्हणजे बांधालगतच्या ओळी, वजनात धरायचे नसतात. कंट्रोलवर निदान तेवढंच साधं पाणी फवारलं होतं का, हेही पाहा.

उंटावरचा_शहाणा: काहून एवढं डोकं लावता? एमआरआयमध्ये मेलेला सामन मासा ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, तर त्याचाही मेंदू 'चालला'. २०१२ चा इग नोबेल आहे त्याला.

सी_डी_पाच_टक्के: तो मासा मुद्दामच ठेवला होता, मेंदूच्या चित्रातले हजारो ठिपके तपासले की काही उगाच पेटतात हे दाखवायला. टॉनिकचंही तेच. उंची, फांद्या, शेंगा, गाठी अशा २० स्वतंत्र गोष्टी मोजा. दर गोष्टीला तेच ५ टक्के धरले, तर पाण्याच्या बाटलीतूनही निदान एखादी 'सिद्ध' निघायची शक्यता ६४ टक्के. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले होते, २०१५ मध्ये निकाल छापून आला. मूळचे ९७ टक्के 'सिद्ध', दुसऱ्या खेपेला ३६.

धुऱ्यावरचा: मंग घरच्या वावरात कसं पाहू?

पराटीवाला: पट्ट्यांच्या ६ जोड्या पाडा. दर जोडीत नाणं उडवून एकावर टॉनिक, एकावर पाणी. वजन मधल्या तासांचंच. सहाही जोड्यांत टॉनिक सरस निघालं तर ते निव्वळ नशिबानं व्हायची शक्यता ६४ त १.

धुऱ्यावरचा: अन् ५ जिंकल्या, १ हारली तर?

सी_डी_पाच_टक्के: तर 'त्या पट्ट्यात रानडुकरं शिरली होती' असं मागाहून आठवायचं नाही.