मदत हवी आहे: राज्याचा कर शून्य असेल तर टॅक्स क्रेडिट वळतं कशातून करायचं?

लेथवाला

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मेहुणा ओहायोत एक छोटं मशीन शॉप चालवतो. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) पार्ट काढून द्यायचे, एवढंच काम. २२ माणसं आहेत, वर्षाची विक्री साधारण ४० लाख डॉलर. पुढच्या तीन वर्षांत आणखी १२ जण घ्यायचा बेत आहे. ही बातमी कुठून तरी एका सल्लागाराला लागली आणि तो स्लाइड्स घेऊन हजर झाला: "राज्याचं जॉब क्रिएशन टॅक्स क्रेडिट घ्या, ७ वर्षांत ६०,००० डॉलर तुमचे."

त्याचा हिशेब असा. १२ जणांचा वर्षाचा पगार ६,६०,००० डॉलर, त्याचे १.३ टक्के म्हणजे ८,५८०, गुणिले सात.

माझी गाडी पुढे अडते. ओहायोत कंपन्यांना नेहमीसारखा राज्याचा आयकर नाही. त्याऐवजी सीएटी, म्हणजे कमर्शियल ॲक्टिव्हिटी टॅक्स आहे, तो विक्रीवर ०.२६ टक्के. त्यातही २०२५ पासून पहिल्या ६० लाख डॉलरच्या विक्रीला माफी आहे. म्हणजे आमचा सीएटी शून्य! मग हे क्रेडिट आम्ही वळतं कशातून करणार?

दुसरं म्हणजे फी. १५ टक्के, म्हणजे ९,००० डॉलर, आणि तीही मंजुरीचं पत्र आलं की लगेच. मेहुणा म्हणतो, फुकटचे पैसे आहेत, सही कर. मला 'फुकट' म्हटलं की धास्तीच वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

ताळेबंद

प्रश्न अगदी योग्य जागी आलाय. आधी एक गोंधळ बाजूला करू. आपण वजावट आणि क्रेडिट, दोन्हीला 'करसवलत' म्हणून मोकळे होतो. ५ टक्के कर असताना १०,००० डॉलरची वजावट मिळाली तर वाचतात ५००. क्रेडिट १०,०००चं असेल तर करातून थेट १०,००० कमी होतात. पण त्यासाठी आधी कर असायला हवा ना? म्हणून आकडा किती हे नंतर विचारायचं, आधी विचारायचं की उरलेल्या क्रेडिटचं काय होतं.

याची उत्तरं राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्निया कॉम्पीट्स या तिथल्या राज्याच्या योजनेचं क्रेडिट सहसा रोख मिळत नाही, न वापरलेलं ६ वर्षं पुढे ओढता येतं. जॉर्जियाचं चित्रपटांचं क्रेडिट (२० टक्के, शेवटी राज्याचा लोगो वगैरे दाखवलात तर आणखी १०) चक्क दुसऱ्या करदात्याला विकता येतं, कारण बाहेरून आलेल्या निर्मात्याचा तिथे कर असतोच कितीसा! ओहायोचं तुमचं क्रेडिट रिफंडेबल आहे. सीएटी शून्य असला तरी राज्य पैसे देतं. तेव्हा त्या बाबतीत सल्लागार खोटं बोलत नाहीये.

मात्र ते सगळे खिशात राहणार नाहीत. २०१५ मध्ये टॅक्स कोर्टाने मेन्स खटल्यात, न्यूयॉर्कच्या रिफंडेबल क्रेडिटबद्दल, असं धरलं की राज्याचा कर फिटल्यावर हातात येणारी जादा रक्कम हे फेडरल करासाठी उत्पन्नच. तुमच्या बाबतीत अख्खी रक्कमच 'जादा' आहे. तुमच्या सीपीएला (हिशेबनीसाला) हे नाव सांगून विचारा.

सहज_एक

विस्कॉन्सिनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे उत्पादकांना राज्याचा आयकर जवळजवळ लागतच नाही, तरी २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला सुमारे ३ अब्ज डॉलरचं पॅकेज देऊ केलं. कर नाही, म्हणजे बहुतेक रोखच की! १३,००० नोकऱ्यांची भाषा होती. २०२१ मध्ये नवा करार झाला तो १,४५४ नोकऱ्यांचा, ८ कोटी डॉलरचा. नोकऱ्या दिसल्याशिवाय चेक नाही, ही अट होती म्हणून राज्य थोडक्यात वाचलं.

कौमुदी

मी या प्रकारच्या क्रेडिटचं वार्षिक रिपोर्टिंग केलंय, दुसऱ्या राज्यात. मंजुरीच्या दिवशी केक कापतात, आणि पुढची सगळी वर्षं एक माणूस पगारपत्रकं जुळवत बसतो. आमच्या तेव्हाच्या कंपनीने अकरा जणांना पलीकडच्या इमारतीत हलवलं. पत्ता बदलला, 'प्रकल्पाच्या जागेवरची' डोकी कमी झाली आणि राज्याने काही रक्कम परत मागितली. माणसं तीच, काम तेच!

ओहायोची अट तर आणखी लांबची आहे. क्रेडिटची मुदत अधिक ३ वर्षं किंवा ७ वर्षं, यातलं जे जास्त असेल तेवढा काळ त्याच जागी धंदा चालू ठेवायचा. ७ वर्षांचं क्रेडिट म्हणजे १० वर्षं मुक्काम. दादा, तुमचा भाडेकरार किती वर्षांचा आहे?

शिवाय मंजुरीआधी नव्या मशीनची ऑर्डर किंवा कुणाला नेमणूकपत्र देऊ नका. हे क्रेडिट म्हणजे निर्णय घेण्यामागचं एक प्रमुख कारण, असं तुम्हाला दाखवावं लागतं. आधीच सह्या झाल्या असतील तर कसलं कारण नि काय.

लेथवाला

भाडेकरार चार वर्षांचा उरलाय. हे डोक्यातच आलं नव्हतं.

आणि 'प्रमुख कारण'चं काय करू? खरं सांगायचं तर ऑर्डरी आहेत म्हणून माणसं घेतोय, क्रेडिट नसतं तरी घेतलीच असती. निदान सात-आठ जण तरी.

ताळेबंद

मग तेवढंच लिहा. उरलेले चार-पाच जण आणि दुसरी पाळी क्रेडिटवर अवलंबून असेल तर तो खरा अर्ज. पण तिथे सहसा ३ वर्षांत किमान १० नव्या नोकऱ्या मागतात, त्यामुळे तुमचा अर्ज काठावरचा आहे.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगतो. अपजॉन इन्स्टिट्यूट या रोजगारावर संशोधन करणाऱ्या संस्थेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये जुने अभ्यास तपासून अंदाज काढला की अशा सवलतींमुळे निर्णय फिरतो तो २ ते २५ टक्के कंपन्यांचाच. बाकीच्या तसंही तिथेच राहिल्या असत्या. कॅन्सस आणि मिसूरी तर एकाच शहराच्या दोन बाजूंनी एकमेकांच्या कंपन्या पळवत होते, २०१९ मध्ये दमून तह केला.

फीबद्दल: पहिल्या वर्षी १२ जण नसणार, म्हणजे ८,५८० सुद्धा येणार नाहीत, आणि तो मंजुरीलाच ९,००० मागतोय. जसजसा चेक येईल तसतशी फी, असं म्हणून बघा.

लेथवाला

म्हणून पाहिलं. "सरांशी बोलून कळवतो" म्हणाला, त्याला आज नऊ दिवस झाले.

जागेच्या मालकालाही १० वर्षांचं विचारलं. तयार आहे, पण भाडं महिन्याला ६०० डॉलरने वाढवणार म्हणतो. वर्षाचे ७,२०० झाले. मेहुणा मघापासून कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय, 'फुकट' हा शब्द अजून तरी पुन्हा काढलेला नाही.