मदत हवी आहे: रोबोट फ्रेमवर्कमध्ये अट नेमकी कुठे लिहावी?

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये द्राक्ष निर्यातदारांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग बघते, टेस्ट आपोआप चालवायला रोबोट फ्रेमवर्क हे साधन वापरते. लॉगिननंतर कधी ओटीपीची विंडो येते, कधी थेट डॅशबोर्ड. सध्या 'रन कीवर्ड अँड रिटर्न स्टेटस' या कीवर्डने (कीवर्ड म्हणजे टेस्टमधल्या पायरीची आज्ञा) विंडो आहे का बघून पुढे 'रन कीवर्ड इफ' (अट खरी असेल तरच पायरी चालवणारा) लावलंय. विंडो जरा उशिरा आली की अट खोटी ठरते आणि टेस्ट पुढच्या पायरीवर फेल.

रोबोट फ्रेमवर्कच्या २०२१ च्या ४.० आवृत्तीपासून थेट इफ-एल्स (असेल तर हे, नाहीतर ते) लिहिता येतं. वाचायला सोपं होईल, पण उशिराचा प्रश्न तसाच राहतो. खरं तर टेस्ट केसमध्ये अट नकोच, दोन वेगळ्या टेस्ट हव्यात, असं माझं मत. पण ओटीपी कधी मागायचा हे सर्व्हर ठरवतो.

ओटीपीची विंडो आणि डॅशबोर्ड, दोन्हींपैकी जे आधी दिसेल त्याची वाट बघणारा कीवर्ड कोणी लिहिलाय का? नमुना टाका प्लीज, हंगामाआधी हे पक्कं करायचंय.