हक्क संस्थेचा, उत्तरं मुख्याध्यापकांची

अल्पसंख्याक दर्जामुळे ख्रिस्ती शाळेच्या मुख्याध्यापकांचं काम सोपं होतं, असं म्हटलं जातं; हे मत मला पटत नाही. राज्यघटनेचं कलम 30 अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाने या शाळा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, वंचित मुलांसाठी राखीव 25 टक्के जागांतून वगळल्या, हे खरं. पण तो हक्क शाळा चालवणाऱ्या संस्थेचा. पालकांना तोंड द्यायचं ते मुख्याध्यापकांनी.

ठाण्यात प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसबाहेर पाहा. एकाच्या हातात बाप्तिस्म्याचा दाखला, शेजारच्याकडे याच शाळेतल्या थोरल्या मुलीचं प्रगतिपुस्तक. दोघांनाही वाटतं, आपला नंबर आधी. निकष आधीच फळ्यावर लावलेले नसतील तर कितीही प्रामाणिक निर्णय वशिल्याचाच ठरतो.

प्रार्थनेचंही तसंच. कलम 28(3) नुसार पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. ही संमती प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावी, तीही मराठीत.

मला खरी काळजी वाटते ती बदल्यांची. मुख्याध्यापक सिस्टर किंवा फादर असले की धर्मसंघ त्यांना दुसरीकडे पाठवतो. नव्या आलेल्या सिस्टर कधी परराज्यातल्या असतात, आणि टेबलावर संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची सरकारी मंजुरी), यू-डायस (शाळेची सरकारला द्यायची माहिती), शिक्षणाधिकाऱ्यांची मराठी पत्रं! सगळा भार हेडक्लार्कवर. येणाऱ्यांना जाणाऱ्यांबरोबर निदान एक सत्र काम करू द्यावं, ही मागणी पालक-शिक्षक संघानेही संस्थेकडे लावून धरायला हवी.