मदत हवी आहे: डबल्समध्ये मिमिक्यूचं नेमकं करायचं तरी काय?

मंडळी, इथे पोकेमॉन खेळणारं कोणी आहे का, म्हणजे नुसतं गोळा करून बॉक्स भरणारे नकोत, नीट ईव्ही-बिव्ही (पोकेमॉनचे आकडे वाढवायचे ट्रेनिंग पॉइंट) लावून बॅटल करणारे पाहिजेत. पुढच्या रविवारी मुलुंडला मित्राकडे आमची ग्रुपमधली छोटी टूर्नामेंट आहे, स्कार्लेट-व्हायोलेटवर, फॉरमॅट डबल्स म्हणजे एका वेळी दोन विरुद्ध दोन, सहा आणायचे त्यातले चार खेळवायचे, सगळे लेव्हल ५० वर. गेमच्या बॉक्सवरचे लेजंडरी बंद, बाकी सगळं चालतं असा आमचा घरचा नियम आहे. शेवटी येणारा सगळ्यांना मिसळ खिलवणार त्यामुळे विषय गंभीर आहे.

मला टीममध्ये मिमिक्यू हवाच आहे, त्यावर चर्चा नको, तो माझा हट्ट आहे. तो पिकाचूचं फडकं अंगावर घेऊन फिरणारा भूत-परी टाइपचा छोटा, त्याला नॉर्मल, फायटिंग आणि ड्रॅगन तिन्ही लागत नाहीत, बग चौथा हिस्सा लागतो, वीकनेस फक्त घोस्ट आणि स्टीलचे. वर डिसगाइज, म्हणजे पहिला फटका फडक्यावर जातो आणि त्याचा फक्त एक अष्टमांश एचपी (जीव) उडतो. अजून काय पाहिजे माणसाला!

सध्याचा सेट: अडमंट नेचर (अटॅक वाढवणारा स्वभाव), अटॅक आणि स्पीड फुल, हातात लाइफ ऑर्ब (मार वाढवणारी वस्तू), मूव्हज स्वॉर्ड्स डान्स (अटॅक डबल करणारी), प्ले रफ, शॅडो क्लॉ आणि शॅडो स्नीक. सिंगल्समध्ये हे लोण्यासारखं चालतं, समोरचा फडकं फाडतो तोवर आपला डान्स झालेला असतो आणि मग एकेकाला घ्यायचं. डबल्समध्ये मात्र गाडी तिथेच अडते, कारण समोर दोन जण असतात, एक फडकं फाडतो आणि त्याच टर्नला दुसरा आत घुसतो. सिंगल्समध्ये जो अख्खा टर्न फुकट मिळायचा तो इथे अर्धाच मिळतो, तोही मिळाला तर. घोल्डेंगोचा मेक इट रेन तर दोघांनाही लागतो, म्हणजे माझ्या पार्टनरला मारता मारता जाता जाता फडकंही फाडून जातो.

आणि आमच्या ग्रुपमधला जो सगळ्यात डोकेबाज आहे त्याची टीम म्हणजे इन्सिनरोर, पाण्याचा उर्शिफू, घोल्डेंगो, व्हिम्सिकॉट आणि उरलेले दोन तो दर वेळी बदलतो. इन्सिनरोर आला की इंटिमिडेट, म्हणजे समोरच्यांचा अटॅक एक पायरी खाली, डान्स करून डबल झालेला अटॅक लगेच दीडपटीवर. त्याचा फेक आउट (आधी लागून समोरच्याचा टर्न घालवणारा फटका) भुताला लागत नाही एवढंच समाधान. घोल्डेंगो टिमिड (स्पीड वाढवणारा स्वभाव) आहे, स्पीड १४९, माझा मिमिक्यू १४८! एका पॉइंटने! जॉली (हाही स्पीडवाला स्वभाव) केला तर १६२ होतो पण मग मार कमी पडतो, आणि जॉली उर्शिफू तरीही १६३, म्हणजे तिथेही एकाच पॉइंटने मागे. गेम फ्रीकवाल्यांनी हे मुद्दाम केलंय का असं वाटायला लागलंय.

तर प्रश्न असा की डान्सवाला सेटच सुधारून घ्यावा, की लोक म्हणतात तसं मिमिक्यूला ट्रिक रूम (स्लो असेल तो आधी मारतो अशी मूव्ह) लावायला ठेवावं? माझ्याकडे अमूंगस, टॉर्कोल आणि उर्सालूना हे तिघेही स्लो गडी तयार आहेत पण एकत्र कधी खेळवले नाहीत. मिमिक्यूने स्वतः मारायचंच नाही ही कल्पना मनाला पटत नाहीये खरं तर. प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा, उत्तर लांब असलं तरी चालेल, विरारहून चर्चगेटपर्यंत वाचायला वेळ आहे.

ठाणे_स्लो:
डान्स विसर भावा. तुझा अर्धा टर्न तू स्वतःच मोजलायस, मग तो अटॅक वाढवण्यावर कशाला उधळतोस, वाढवून पुढच्या टर्नला जिवंत असशील याची गॅरंटी कोण देणार. ट्रिक रूमला फक्त तो एकच टर्न जगायचं असतं. तिची प्रायॉरिटी उणे ७, म्हणजे सगळ्यांचं मारून झाल्यावर ती लागते, आणि सगळ्यांचं मारून होईपर्यंत उभं राहायला फडक्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

आता सोबत अमूंगस ठेव आणि रेज पावडर मार, सिंगल टार्गेटवाले सगळे फटके त्याच्याकडे वळतात. समोरचा हुशारी करून इन्सिनरोरने अमूंगसला फेक आउट मारेल, तो दचकेल, पावडर जाणार नाही. जाऊ दे! इन्सिनरोरचा टर्न त्यातच गेला, मिमिक्यूवर यायला एकच जण उरला, त्याचा फटका फडक्यावर. रूम लागली. हे एकदा डोक्यात बसलं की मिमिक्यू वेगळाच दिसायला लागतो.

स्पीडवर एक पॉइंट टाकू नकोस, एचपी फुल कर, १६२ होतो. याचं कारण उर्शिफू. त्याचा सर्जिंग स्ट्राइक्स तीनदा लागतो आणि दर वेळी क्रिट (दीडपट मार), पहिला फडक्यावर जातो पण उरलेले दोन अंगावर. अडमंट उर्शिफू मिस्टिक वॉटरसकट धरला तर ते दोन मिळून १०४ ते १२६, फडक्याचे २० वेगळे, म्हणजे जास्तीत जास्त १४६. जगतोस. तुझ्या आताच्या १३० एचपीत नशिबावर आहे. फक्त त्याने टेरा वॉटर केलं (टेरा मॅचमध्ये एकदाच करता येतो, याने पाण्याचा मार अजून वाढतो) तर विषय जवळजवळ संपला, पण पहिल्याच टर्नला मिमिक्यूवर टेरा जाळला तर पुढे तुझ्या उर्सालूनाला अडवायला त्याच्याकडे तो नाही.

निलूची_आई:
मुलामुळे शिकले, आता तो खेळत नाही आणि मी खेळते :) एक गोष्ट वरच्यांनी सोडली. व्हिम्सिकॉट. इतर कोणी टॉन्ट (स्टेटस मूव्ह, म्हणजे थेट न मारणाऱ्या मूव्ह, बंद करणारा) मारला तर रेज पावडर तो ओढून घेते, पण व्हिम्सिकॉट ग्रास टाइपचा आहे, त्याला पावडर लागतच नाही, आणि प्रँकस्टरमुळे त्याचा टॉन्ट आधी येतो. मग मिमिक्यू नुसता बसून राहतो. लाइफ ऑर्ब काढा आणि मेंटल हर्ब द्या, टॉन्ट लगेच उतरतो. आणि हो, घोल्डेंगोवर अमूंगसचा झोपवणारा स्पोर मारत बसू नका, गुड अॅज गोल्डमुळे त्याला स्टेटस मूव्ह लागतच नाही. नवीन लोक हमखास तिथेच टर्न घालवतात.

धागाकर्ता:
वा! फेक आउटवाला हिशोब माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. ताई, मेंटल हर्ब नोटेड. पण एक शंका, रूम पाच टर्न, त्यातला पहिला लावण्यातच जातो. दुसऱ्या टर्नला मिमिक्यूला मागे घेऊन उर्सालूना आणला तर त्याचा फ्लेम ऑर्ब (स्वतःलाच जाळणारी वस्तू) टर्नच्या शेवटी पेटणार, म्हणजे गट्सवाला (जळल्यावर अटॅक वाढतो तो) खरा मार तिसऱ्या टर्नपासून. फक्त तीन टर्न हातात? परवडतं का हे?

ठाणे_स्लो:
बरोबर पकडलंस, म्हणून दोन लीड (सुरुवातीच्या जोड्या) ठेव. समोर इन्सिनरोर दिसतोय असं वाटलं तर मिमिक्यू आणि उर्सालूना सोबत काढ, उर्सालूनाने पहिल्या टर्नला प्रोटेक्ट (त्या टर्नचे फटके अडवणारा) मारायचा, आत बसल्या बसल्या ऑर्ब पेटतो, फेक आउट प्रोटेक्टवर फुकट जातो नाहीतर भुतावर फुकट जातो. दुसऱ्या टर्नपासून बुलडोझर, त्याची फसाड मूव्ह जळल्यामुळे दुप्पट होऊन १४० पॉवर. घोल्डेंगोला फसाड लागत नाही, त्याच्यासाठी हेडलाँग रश. भूकंप नको, तो सोबत्यालाही लागतो, स्वतःचा मिमिक्यू मारशील.

यात धोका आहेच, दोघेही मिमिक्यूवरच तुटून पडले तर पावडर नसल्यामुळे जाऊ शकतो. उर्शिफू आणि घोल्डेंगो एकत्र लीड आले तर गपचूप अमूंगस काढायचा आणि तीन टर्नमध्ये भागवायचं. टॉर्कोल मागे ठेव, तो आला की ऊन पडतं आणि उन्हात उर्शिफूचं पाणी अर्धं.

धागाकर्ता:
ओके, मग ट्रिक रूम, प्ले रफ, शॅडो स्नीक फिक्स. चौथी मूव्ह विल-ओ-विस्प (समोरच्याला जाळणारी) ठेवू की शॅडो क्लॉ? घोल्डेंगोला क्लॉ डबल लागतो म्हणून जीव तुटतोय.

निलूची_आई:
विस्प. उर्शिफू जळला की त्याचा फिजिकल मार अर्धा. पण विस्प ८५ टक्केच लागते हे धरून चाला, आणि समोरच्याने पण उर्सालूना आणला असेल तर त्याला चुकूनही जाळू नका. घोल्डेंगोचं काम उर्सालूना करेल, मिमिक्यूला तिथे पाठवूच नका. रविवारच्या आधी शोडाउनवर (ऑनलाइन बॅटल सिम्युलेटर) हीच टीम खेळून बघा, आणि मिसळ कोणी दिली ते इथे लिहा.