मदत हवी आहे : खोताच्या वाडीतल्या पाडलेल्या घरांचे फोटो

गिरगावातल्या खोताच्या वाडीची माहिती गोळा करतोय. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) कुटुंबांना दिल्या आणि लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिना असलेली टुमदार घरं उभी राहिली. एकेकाळी ६५च्या आसपास होती, आता निम्मीही उरली नाहीत. उरलेल्यांचे फोटो ढिगाने मिळतात, पण मला गेलेली घरं हवी आहेत. लग्नाच्या, नाताळच्या जुन्या अल्बममध्ये माणसांच्या मागे एखादा नक्षीचा कठडा किंवा जिना दिसत असेल, तरी खूप झालं. मोबाइलवर काढून पाठवा, अंदाजे साल आणि घर कुठल्या गल्लीत होतं तेवढं लिहा. कुणाचे आजी-आजोबा तिथे राहिले असतील, तर त्यांना भेटायला घरी येईन. कृपया कळवा.